सूप थांबेपर्यंत

मशीन बुधवारी येतंय
आणि तू आज विचारतोस, हर्षल,
बायकांना कसं सांगायचं.

बस. पंख्याखाली बस, कूलरचं पाणी संपलंय.
कागद पुण्याच्या वकिलाने लिहून दिलाय,
चांगलाच असेल. नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी, सगळं.
तरी आकडे दोनदा तपास.
रजूबाईची नऊ वर्षं
आठ लिहिलेली असतील, बघ.

आधी चहा मागवू नकोस.
एरवी कधी मागवलास त्यांना चहा?
कप बघूनच कळेल.

एकेकीला केबिनमध्ये बोलवावं म्हणतात.
मला नाही पटत. पहिली बाहेर येते
तेव्हा उरलेल्या अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघतात
आणि सांगावं लागतं तिला.
तुझं काम तिच्याकडून करून घेऊ नकोस.
शेडमध्ये जा. त्या बसतात तिथे बस, खाली, गोणपाटावर.
पॅन्टला डाळीचं पीठ लागेल, लागू दे.
सूप थांबेपर्यंत थांब.
मग पहिल्याच वाक्यात सांग.

'कंपनीने ठरवलंय' म्हणू नकोस.
कंपनीला तोंड नाही, तुला आहे.
'आपण सगळे एक कुटुंब' तर अजिबात नको.
कोकिळा बाविस्करला एकदा घरातून काढलंय,
तिला कुटुंब माहीत आहे.
तुला वाईट वाटतंय ना? वाटू दे.
ते डब्यात भरून घरी ने.

मशीनबद्दल विचारतील. लपवू नकोस.
सांग, कॅमेरा आहे, दाणान् दाणा बघतो,
काळा दिसला की हवेची फुंकर मारून उडवतो.
मथाबाई विचारेल,
अन् खडा तुरीच्याच रंगाना व्हयना तं?
तिला तो बोटांनी कळतो, डोळे मिटूनसुद्धा.
तुझ्याकडे उत्तर नसेल. नाही म्हण.

आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सांग, नंतर नको.
फरजाना पिंजारीला पोरीसाठी सायकल घ्यायचीय,
पैसा कुठे थांबवायचा
हे तिला दुकानात शिरण्याआधी कळायला हवं.

मला हे कुठून कळलं म्हणतोस.

जिनिंगला होतो तेव्हा, धरणगावकडे.
बावीस माणसं.
नोटीस मीच टाईप केली,
गेटच्या आतल्या बाजूला चिकटवली, खळ अजून ओली होती,
आणि दुपारच्या पॅसेंजरने भुसावळला गेलो
मेव्हण्याकडे, काहीतरी काम काढून.

धुडकू भोईला वाचता येत नव्हतं.
प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.
तो पाळी पुरी करून गेला, त्या कागदाच्या शेजारून,
आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला.
वॉचमनने आत सोडलं नाही.
मग तो समोरच्या निंबाखाली बसला.
शेजारच्या ऑइल मिलचा भोंगा झाल्यावर जेवला,
संध्याकाळच्या भोंग्याला उठला,
रिकामा डबा वाजवत घरी.
तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशीही.
कपड्यांना कापूस चिकटलेला नसायचा,
बायकोच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

मी आलो आठव्या दिवशी.
तो उभा राहिला. शिवी देईल असं वाटलं होतं,
तयारी करूनच उतरलो होतो गाडीवरून.
तो जवळ येऊन हळूच म्हणाला,
साहेब, घर काय सांगू मी?

आणि मी, हर्षल,
घड्याळात बघितलं.