दहावा काटा

आई म्हणायची रांजणवाडी,
वर्गातल्या पोरी, गुहेरी.
आणि आयरलंडच्या कुठल्याशा ओल्या गावातून
इंदूरच्या छावणीत भूगोल शिकवायला आलेली
सिस्टर ऑलिव्ह म्हणाली, श्लाउनॉन.
माझा डावा डोळा तिन्ही भाषांत ठणकत होता.

घरी लवंग उगाळून झाली होती.
शेजारच्या कुंदामावशींनी तळहातावर बोट घासून
गरम गरम टेकवलं होतं, सात सकाळी.
डॉक्टर शेजवळकरांचं मलम, दीड रुपया.

मधल्या सुट्टीत सिस्टरनं
कंपाउंडच्या बोरीचे दहा काटे मोडून आणले.
तिकडे गूजबेरीचे घेतात म्हणाली,
पण काटा तो काटा.
नऊ एकेक करून डोळ्यावर रोखले,
टोचले नाहीत, नुसते दाखवले,
चोराला शिपाई दाखवावा तसे.
दहावा खांद्यावरून मागे भिरकावला.

"आता थँक यू म्हणायचं नाही हं.
म्हटलंस की गुण जातो."
मी ओठ घट्ट मिटून वर्गात गेले.

चौथ्या दिवशी डोळा निवळला.
आईनं श्रेय लवंगेला दिलं,
मी काही बोलले नाही.
मार्चमध्ये सिस्टरची बदली झाली,
फाटकाशी सगळ्या पोरी रडल्या, थँक यू सिस्टर, थँक यू,
मी एकटीच गप्प,
उद्धट ठरले.

आता माझ्याच टेबलासमोर
लोक डोळे पुसत हात जोडतात,
आणि मी घाईघाईनं म्हणते,
राहू द्या हो, राहू द्या.

दहावा काटा
बद्रीलाल चपराशाच्या सायकलीत घुसला होता.
पंक्चरचे आठ आणे मी भरले.
तेवढीच फी.