खाली

सावद्याच्या मालधक्क्यावर
इच्छाराम गुरवांनी मला तीनताल शिकवला.
तबला नव्हता, उपडं घमेलं होतं.

सम लगेच कळली:
घड वॅगनीत टेकतो
तो धप्प.
पण नवव्या मात्रेलाही
माझा हात पडायचाच, सवयीनं.

"तो रुबाब तडवी पाहा," ते म्हणाले.

रुबाब घड ठेवून परतत होता.
खांदा रिकामा, बंडीवर चिकाचे काळे डाग,
पाऊल मात्र
जाताना होतं तेच.

"ओझं नाही, पण चाल आहे.
समजलं का भो?"

इंजिनानं शिटी दिली.
"पंचम उतरलाय," म्हणत
त्यांनी तोंड वाकडं केलं.

मी आठ मोजले, हात उघडला.
तळव्याला वारा लागला.

"घाई केलीस," गुरव म्हणाले.