मनगट

सोहारला कोवळं ऊन नसतं.
आत्याला फोनवर कितीदा सांगितलं,
तरी तिचं आपलं तेच : तेल लाव
आणि घटकाभर धर गं मुक्ताला अंगणात.

अंगण म्हणजे पार्किंग.
सकाळी साडेसहालाच तिथली मांजरं
गाड्यांखालून बाहेर येत नाहीत.

आज लसीचा दिवस. गाडी नसरीनची.
दार उघडून मी आधी
बाळाच्या सीटच्या बकलला मनगट लावते,
आतल्या बाजूनं,
जिथं दुधाचा थेंब पाडून बघते तिथं.
चटका. ओला फडका. फुंकर. पुन्हा मनगट.
काचेवर माझी बाळंतपणातली सुती साडी,
कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली.
ती जिथं विरलीय तिथून
एक कवडसा येतो मुक्ताच्या गुडघ्यावर.
तो सरकेल तसा माझा तळहात सरकतो,
थेट दवाखान्यापर्यंत.

संध्याकाळी विश्राम येतो जेट्टीवरून.
बाही संपते तिथं
दोन माणसं जोडल्यासारखा त्याचा हात.
मुक्ता त्या रेघेवर बोट फिरवते,
थुंकी लावून पुसून बघते.

ती निघत नाही.

सकाळी त्याच्या थर्मासमध्ये
मी नुसता बर्फ भरून दिला होता.