मागाहून येणारा गोल

कुंकळ्ळीत माझी एकशे बारा घरं होती.
म्हणजे त्यांच्या भिंतींत माझी वायर होती.
माडावरून फणसावर, फणसावरून कौलांवर,
वाटेतल्या खुरसाला न शिवता वळवलेली.

मे महिन्यात वाड्यावाड्यांची फुटबॉल स्पर्धा.
टेबलावर टेबल, त्यावर माझा मेहुणा
नि त्याचा लग्नं टिपणारा कॅमेरा.
ऐन कॉर्नरला तो सवयीनं
बायकांच्या दागिन्यांकडे वळायचा.
माइकवर बोस्त्यांव मास्तर.
आकडे पोर्तुगीज, शिव्या कोंकणी,
म्हणी मराठी, सगळं एका दमात.
खेळाडूचं नाव ते घेत नसत, घर सांगत:
"मारला रे! घंटा वाजवणाऱ्या पावलूच्या धाकट्यानं!"
आणि एकशे बारा घरांत
कुठला पावलू, असं
कुणी कुणाला विचारत नसे.

यंदा हक्क विकले गेले.
हक्क हा शब्द मी कोर्टात ऐकलेला,
मुंडकाराचा, कुळाचा.
चेंडूचाही एक-चौदाचा उतारा निघतो,
हे नवीन.
कंपनीची दोन पोरं आली, ड्रोन घेऊन.
नम्र होती. चहा प्याली.
माझ्या लोंबत्या वायरीखालून वाकून गेली.

आता अ‍ॅप. महिना एकोणपन्नास रुपये.
"म्हणजे एक पातळभाजी-पाव नि चहा," शाणू हॉटेलवाला म्हणतो,
"आणि तो तरी पोटात राहतो."
पिएदाद मावशी म्हणते, मला नातू दिसला की पुरे,
ते वर्तुळ फिरायचं थांबलं की सांग.
निवेदक कुठल्याशा थंड खोलीत बसतो,
गावाला कन्कोलीम म्हणतो,
पावलूच्या धाकट्याला सात नंबर.
चित्र मात्र लख्ख. खोटं कशाला बोलू?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं
की गोलाला मासे धरायची जुनी जाळी आहे,
एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं शिवलेली.

फायनलला मी घरीच.
खांबावरून पडल्यापासून गुडघा मैदानापर्यंत येत नाही.
समोर मुलीचा टॅब,
हातात फोन, फोनवर ज्योकिम.
शेजारचा पोर, बोटीवर स्वयंपाकी.
कुठल्या समुद्रात आहे ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षांत त्यानं एकही फायनल पाहिलेली नाही.
माझी वायर बेतुलच्या धक्क्यापर्यंतही पोचली नसती.
तोही बघत होता, मीही.
मध्येच म्हणाला, "अंकल, आमचा आंबा दिसला! डावीकडे!"
आंबा दोन वर्षांपूर्वी पडला.
मी म्हटलं, हो.

एकाहत्तरावं मिनिट.
पडद्यावर चेंडू मध्यरेषेपाशी निवांत,
कुणीतरी बुटाची नाडी बांधतोय.
आणि खिडकीतून, सुक्या शेतांवरून
आला तो आवाज.
आधी ओरड, मग घुमट, मग एक ओला फटाका.
कुठल्या वाड्याची ओरड ते मला कळतं.
ज्योकिमच्या.

मी फोनवर तळवा दाबला.

चाळीस सेकंद.
नाडी बांधून झाली.
थ्रो-इन. हेडर. पुन्हा थ्रो-इन.
इतक्या वेळात मी पूर्वी खांबावर चढून
एका घराचा पडदा उजळून उतरत असे.
आता हातात गोल धरून बसलो होतो,
दुसऱ्याची चिठ्ठी चुकून फोडल्यासारखा.

मग बोटात गुदगुल्या झाल्या.
तिकडे पाण्यावर कुणीतरी किंचाळत होतं,
मागे भांडी पडल्याचा आवाज.
मी तळवा काढला
आणि ओरडलो. खरंच ओरडलो,
बायको आतून धावत आली.

"सात नंबर!" ज्योकिम म्हणाला. "कोण हो हा?"
"घंटा वाजवणाऱ्या पावलूचा धाकटा."

थोडा वेळ नुसता समुद्र.
मग तो म्हणाला,
"कुठला पावलू?"

मी टॅबचा आवाज बंद केला
आणि चर्चच्या पायरीपासून सुरुवात केली.