चार मिलिमीटर

बुधवार पेठेत, लाकडी जिना चढून गेलं की डाव्या हाताला,
पोरवालांनी काचेच्या काउंटरवर रुमाल पसरला
आणि त्यावर दोन लेन्स ठेवल्या.
चोवीस. अठ्ठावीस.
सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा;
एकीच्या टोपणावर ओरखडा, एवढीच खूण.
"फरक किती?"
"चार मिलिमीटर," ते म्हणाले
आणि अंगठ्याच्या नखावर बोट टेकवून दाखवलं:
जोंधळ्याचा एक दाणा.

"पण माझ्या लग्नात फोटोवाल्यानं अठ्ठावीस लावली होती.
धाकटे काका दाण्याच्या पलीकडे उभे राहिले.
अल्बम पाहिल्यापासून घरी येत नाहीत."

मी लग्नं काढत नाही.
मी भाड्यानं द्यायच्या खोल्या काढतो:
धायरी, नऱ्हे, आंबेगाव.
तिथं दहा बाय दहाला हॉल म्हणतात
आणि मला तो हॉल दिसेल असा काढावा लागतो.
अनामत ठेवून दोन्ही घेतल्या, सातपर्यंत.

तिकोन्यांचा फ्लॅट, धायरी, दुसरा मजला.
आधी अठ्ठावीस.
भिंतीला पाठ टेकली, मग टाचा, मग डोकं.
खिडकी आली, पंखा आला, ओट्याचं टोक राहिलं.
एक पाऊल मागे घ्यायचं, सगळ्यात स्वस्त लेन्स तीच,
पण माझ्या मागे भिंत होती
आणि भिंतीमागे कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी.
दार उघडून जिन्यात गेलो,
समोरच्यांच्या चपलांच्या मांडणीला पाय लावून वाकलो.
तेव्हा ओटा आला,
पण सोबत दाराची अर्धी चौकटही घेऊन आला.

मग पुन्हा आत, त्याच भिंतीशी, चोवीस.
खोलीनं छाती फुगवली.
फरशा लांबल्या, खिडकी मागे सरकली,
दहाचे बारा झाले, एक वीट न हलता.
तिकोने स्क्रीनवर वाकले:
"हां, आत्ता दिसतोय बघा हॉल. हजार वाढवून सांगू."

आणि उजव्या कडेला एक कोपर.

नंदा कुचेकर. त्या दिवशी खोली सोडणार होत्या.
शिलाई मशीन टेम्पोत चढलं होतं;
मागे राहिला होता बटणांचा डबा, एक कळशी आणि त्या स्वतः.
अठ्ठावीस लावताना त्यांनी विचारलं होतं,
"मी येत नाही ना मध्ये?"
नव्हत्या येत.
त्या तिथंच उभ्या होत्या, कपाटाला चिकटून,
बोटभरही हललेल्या नव्हत्या.
नऊ अंश मीच वाढवले होते.

चोवीसला कडेचं माणूस ताणलं जातं.
कोपर वीतभर लांबलं होतं,
हातातला डबा अंडाकृती झाला होता,
जणू तो कुणाला तरी द्यायला
त्या चौकटीबाहेरून आत येत होत्या.

"बाई, जरा," तिकोने म्हणाले.
त्या मोरीत गेल्या. आतून कडी लावली.
मी सात फोटो काढले,
आडवे, उभे, दिवा लावून, दिवा मालवून.
बॅग भरली. जिना उतरलो.
वडगावच्या पुलाखाली सिग्नलला आठवलं
की झालं म्हणून सांगायचं राहिलं.

पावणेसातला पोरवालांनी पुन्हा रुमाल पसरला.
"कुठली?"
पोट चोवीसवर चालतं, मी म्हणालो,
आणि अठ्ठावीस हातात घेऊन बसलो.
नुसतीच. टोपण काढायचं, लावायचं.
त्यांनी घाई केली नाही.
ओरखडा कुठल्या टोपणाला होता ते
आता दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

बिल करताना मी विचारलं,
"काकांचं नाव काय हो?"
त्यांचं पेन थांबलं.
खाली कुणीतरी शटर अर्धं ओढलं.
"हस्तीमल," ते म्हणाले,
आणि चुकून तेच नाव
बिलावर माझ्या नावाच्या जागी लिहिलं.