अन्वेषक क्रमांक सहा

सत्तावीस निबंध आलेत. नावं झाकलेली.
स्पर्धेची अट एकच : संस्थेच्या दप्तरात आहे
तीच जुनी आकडेवारी वापरायची,
नव्याने कुणाचं दार वाजवायचं नाही.
(हल्ली तिला विदा म्हणतात.
आम्ही गठ्ठे म्हणायचो, आणि ते उंदीर खायचे.)

मला परीक्षक केलं, कारण मी अजून आहे
आणि एरंडवण्यातून रिक्षा स्वस्त पडते.

अकरा नंबरचा निबंध रात्री उघडला.
गंजपेठ, भवानी पेठ, कुटुंब पाहणी, सन त्र्याहत्तर.
पान सातवर आलेख, दात पडलेल्या फणीसारखा :
तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस, इथे उंच दाते,
मध्ये नुसत्या फटी.
खाली त्या मुलाने, किंवा मुलीने, लिहिलंय :
‘खरी माणसं वय गोल सांगतात.
अन्वेषक क्रमांक सहाच्या घरांत मात्र
जवळजवळ सगळ्यांना ते अचूक माहीत आहे.
एकतीस. सदतीस. त्रेचाळीस.
सबब त्याची अठराही कुटुंबं वगळली आहेत.’

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
सहा म्हणजे मी.

फॉर्ममागे पाऊण रुपया मिळायचा.
एप्रिल होता, सायकलची चेन तिसऱ्यांदा उतरलेली,
हात काळे, आणि बोळात कुत्री.
पाच घरं केली. उरलेली तेरा
क्वार्टर गेटजवळच्या इराण्याकडे बसून
एका बनमस्क्यात उरकली.
नुसते तीस-चाळीस टाकले तर साहेब ओळखतील,
म्हणून एकेक वय घासूनपुसून लिहिलं.
एवढी मेहनत मी पुढे नोकरीतही घेतली नाही.

त्यातली एक अजून आठवते. घर क्रमांक एकेचाळीस.
विधवा, वय सदतीस, विड्या वळते,
दिवसाला हजार, महिन्याला पंच्याऐंशी रुपये,
पाणी सार्वजनिक नळाचं.
आणि मी तिला रेडिओ दिला.
मला हवा होता तेव्हा, म्हणून.
पन्नास वर्षं ती सरासरीत राहिली,
दोन प्रबंधांत गेली, एका अहवालात
‘पेठांतील वाढती उपभोग्यता’ झाली.
अकरा नंबरने तिच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलंय :
‘पंच्याऐंशीत रेडिओ?’

हुशार आहे पोर. पंचवीसपैकी चोवीस.
पण त्या पाच घरांचं काय?
तिथे एक खरी बाई होती, उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली.
पोराचं वय विचारलं तर म्हणाली,
‘पानशेत फुटलं तेव्हा हा पोटात.
धर दहा.’
मी दहा धरले. होतो अकरा वर्षांचा.
मग तिने मला पाणी दिलं, हात धुवायला वेगळं, प्यायला वेगळं,
आणि विचारलं, हे लिहून आमचं काय होणार?
त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तीही वगळली गेली.
माझ्या तेरा थापांबरोबर
तीही, तिचं चुकीचं खरं दहाही.

परीक्षकाच्या शेऱ्याला चार ओळींची जागा असते.
पहिल्या ओळीत लिहिलं : पान नऊ, तळटीप चार, दुरुस्ती हवी.
अठरा नव्हे, तेरा.
कुटुंब क्रमांक अडतीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस,
सत्तेचाळीस आणि बावन्न परत घ्यावीत.

आधार काय, असं ते पोर विचारणारच.
विचारायलाच हवं. उत्तम विद्यार्थी आहे.

बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.
समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीतला दिवा बंद केला.
मग चौथ्या ओळीत, जागा पुरत नव्हती म्हणून
बारीक अक्षरात, माझं नाव लिहिलं,
पुढे क्रमांक,
आणि खाली, समासाबाहेर जात :
एकेचाळीसला मात्र खुशाल काढा.
रेडिओ माझा होता.