कंसात

पानाला चौदा रुपये मिळतात मला
विद्यापीठातल्या व्याख्यानांचं शब्दांकन करायचे.
कानात हेडफोन, पायाखाली पेडल.
थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं.
खोकला गाळायचा. ‘म्हणजे’ गाळायचं.
‘त्या अनुषंगाने’ मात्र राहू द्यायचं,
उपकुलसचिवांनी तसं बजावलंय.

या खेपेला ‘शहरी वाहतूक : धोरण आणि दिशा’.
पहिली अकरा मिनिटं समई पेटत नाही.
कुणी म्हणतं, अहो तो पंखा बंद करा,
कुणीतरी दुसराच पंखा बंद करतं.
मग शाल, तुळशीचं रोप,
परिचय, दोन पानं भरून,
आणि शेवटी डॉक्टर विद्वांसांचा आवाज :
निर्यातीच्या द्राक्षांसारखा,
एकेक शब्द सुटा, टपोरा, मापात बसणारा.

बोलतात चांगलं. खोटं कशाला सांगू.
दोनदा मी टंकायचं विसरून ऐकत बसले.
रस्ता कुणाच्या मालकीचा, म्हणाले,
चालणाऱ्याच्या की चाकाच्या?
(टाळ्या)

एक तास बारा मिनिटांनी प्रश्नोत्तरं.
नेहमीचे दोन निवृत्त अभियंते,
प्रश्न कमी, आठवणी जास्त.
एक तास एकोणीस मिनिटांनी ती.

आधी श्वास येतो माइकमध्ये, मग नाव.
मथुरा गांगुर्डे. बीए दुसरं वर्ष, बाहेरून.
अंबडला पॅकिंगमध्ये, सेकंड शिफ्ट. आज सुट्टी टाकून आलेय.
“सर, तुमच्या नकाशात ती निळी रेघ आहे ना बसची,
ती गरवारेपर्यंत येते आणि वळते.
मी सुटते अकराला.
आमचं घर इथं.”

खुर्ची सरकते.
चपला माइकपासून लांब जातात.
“इथं.
इथं नाय, जरा खाली. हां, इथं.
आणि दिवे इथपर्यंतच.”

सात वेळा मागे घेऊन ऐकलं.
नकाशा माझ्याकडे नाही.
पडद्यासमोर उभी राहिली असेल,
सातपूरपासून देवळालीपर्यंत
तिची सावली पडली असेल शहरावर,
कारण मागून कुणीतरी म्हणतं, ओ ताई, बाजूला व्हा,
दिसत नाही.
(हशा)

“ताईंचा मुद्दा मोलाचा आहे,” सर म्हणतात,
“आपण तो नोंदवून घेऊ.”

नोंदवून घेऊ.
त्या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे
मला माहीत नाही. मी आहे, एवढं नक्की.
इथं बसलेय, मखमलाबादला, भावाच्या टेबलावर,
आणि तिचं ‘इथं’ कुठं लिहू ते सुचत नाही.
नियम सोपा आहे, जे कळलं नाही ते कंसात :
(नकाशाकडे बोट दाखवतात).
अहवालाला तेवढं पुरतं.

आभार झाले. राष्ट्रगीत झालं.
यंत्र बंद करायला कुणीतरी विसरलं.
चिवड्याच्या पुड्या फुटतायत, चहा सांडलाय,
डॉक्टरांची गाडी पुढे घ्या म्हणतायत,
विमान साडेनऊचं आहे.
खूप लांबून, भांड्यांच्या आवाजाखालून,
“दादा, इथून शेवटची बस कितीची?”

वायरी गुंडाळणारा मुलगा असावा तो.
म्हणाला, “गेली की.”

मग दार. मग रिकामा हॉल, चार मिनिटं,
कुठलातरी एक पंखा.

व्याख्यानाचा भाग नाही हा. मला समजतं.
तरी टंकलाय, दोघांची नावं नसतानाही,
भांड्यांच्या आवाजासकट,
तिची बोली सरळ न करता.
एकतिसावं पान लागलं त्याला, पाव सुद्धा भरलं नाही.

उपकुलसचिव विचारतील,
हे चौदा रुपये कसले.